कोलोनला जहाज लागणार आहे. उतरायचं की बोटीतच बसायचं?

जुळे सोलापूरची मावशी
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आम्ही दोघं मुलाकडे फ्लोरिडाला निघालोय. त्यानं आमच्यासाठी क्रूझ काढली आहे, फोर्ट लॉडरडेल बंदरातून. अरुबा, कोलंबियातलं कार्ताहेना, पनामातलं कोलोन आणि परत. घरात वाद पेटलाय तो कोलोनवरून.

मुलगा म्हणतो, "आई, बाकी सगळीकडे उतरा, कोलोनला बोटीतच बसा. लूटमारीसाठी बदनाम गाव आहे." ह्यांनी अख्खी नोकरी हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवला. ह्यांचं म्हणणं, पनामा कालव्याच्या तोंडाशी जाऊन खाली न उतरणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसता कळसाला नमस्कार करून परत फिरणं. शिवाय तिथून जवळ पोर्टोबेलोचे स्पॅनिश किल्ले आहेत, ते बघायचेच हा दुसरा हट्ट.

माझी शुगर, ह्यांचे गुडघे, आणि स्पॅनिश दोघांनाही शून्य. कुणी गेलं असेल तर स्पष्ट बोला. "काळजी घ्या" एवढंच लिहू नका, ती आम्ही घेतोच.

सातरस्ता
मावशी, मुलाचं ऐका. आणि सरांना सांगा, कळसाचं दर्शन हेही दर्शनच असतं, कुठल्याही वारकऱ्याला विचारा. अमेरिकी सरकार आपल्या लोकांना पनामाबद्दल ज्या सूचना देतं त्यात गुन्हेगारीच्या संदर्भात कोलोनचं नाव हमखास येतं. भर दिवसा पर्स हिसकावली असं लिहिणारे प्रवासी भरपूर सापडतील. बोटीवर सगळ्याचे पैसे भरलेत, सगळे उतरले की डेक मोकळा असतो, चहा-नाश्ता हातात मिळतो. साठीनंतर परमुलखात शौर्य कशाला गाजवायचं?

नवीपेठेतला बंड्या
काय बे सातरस्ता, तू नव्या पेठेतसुद्धा पाकिटावर हात ठेवून फिरतोस. पुण्याचे पाहुणे रात्री अकराला आपल्या एसटी स्टँडवर उतरले की त्यांचं तोंड असंच होतंय. म्हणून काय सोलापूर वाईट? मावशी, लै विचार करू नका. उतरा, टॅक्सी करा, फिरा, चार फोटो काढा, या परत.

टॉवेलवाला
बंड्या, तू गेलायस का? मी गेलोय. आमचं टॉवेलचं काम आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कोलोनला मोठा फ्री झोन आहे, म्हणजे करमुक्त व्यापाराचा इलाखा, १९४८ पासूनचा, लॅटिन अमेरिकेतले व्यापारी तिथं माल उचलायला येतात. दुकानदारांत सिंधी, गुजराती बरेच. आमचा बायरही सिंधीच.

डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. फ्री झोनला भिंत आहे आणि फाटकावर पहारा. आत काचेची शोरूम, एसी, परफ्यूमचे डोंगर. फाटकाबाहेर गाडी वळली आणि ड्रायव्हरनं आधी काचा वर घेतल्या, मग चारी दारांचं लॉक खटकन दाबलं. बाहेर दुमजली जुनी घरं, लाकडी गॅलऱ्या वाकलेल्या, पत्रे गंजलेले, भिंतीच्या फटींतून झाडं उगवलेली, गॅलरीत कपडे वाळत. खरं सांगायचं तर माझ्याकडं कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. पण दुपारी "जरा बाहेर पाय मोकळे करून येतो" म्हटलं तर बायर हसायला लागला आणि जेवण आतच मागवलं. तिथं धंदा करणारा माणूस शहरात पायी फिरत नाही, मग तुम्ही दोघं कशाला फिरणार?

आता दुसरी बाजू. कालवा काही कोलोन शहरात नाही! जहाजं पाण्यानं वर-खाली करणारी गाटूनची जुनी दारं आणि नव्या दारांजवळचं आग्वा क्लाराचं प्रेक्षागृह शहराबाहेर आहे, गाडीनं फार लांब नाही. बसमध्ये बसून थेट तिथं जायचं आणि थेट परत यायचं, तर बदनाम गल्ल्यांचा संबंधच येत नाही. सातरस्ता आणि बंड्या दोघंही शहराबद्दलच भांडायलेत. मावशींना शहर बघायचंच नाहीये.

शरयू_विजापूर रोड
टॉवेलवाल्यांशी सहमत, पण "बदनाम गल्ल्या" म्हणून विषय संपवणं मला खटकतं. हे गाव १८५० च्या सुमारास रेल्वेसाठी वसवलं गेलं. १८५५ ला पनामाची रेल्वे पुरी झाली, पुढे कालवा आला, आणि खोदायला बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून हजारो कृष्णवर्णीय मजूर आणले. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज त्या गॅलऱ्यांत राहतात. १९९९ च्या ३१ डिसेंबरला कालवा पनामाच्या ताब्यात आला. कालव्याचा पैसा, फ्री झोनचा पैसा, सगळा ह्यांच्या दारावरून जातो आणि राजधानीत मुक्कामाला पोचतो. २०१२ मध्ये सरकारनं फ्री झोनच्या जमिनी विकायचा कायदा केला तेव्हा हेच लोक रस्त्यावर उतरले आणि कायदा मागे घ्यायला लावला. तिथे उतरून नुसतं काचेआडून बघून यायचं आणि "डेंजर गाव" म्हणायचं, याचं मला काहीतरीच वाटतं.

सातरस्ता
शरयूताई, इतिहास खरा आहे, नाकारत नाही. पण ज्याची पर्स गेली त्याला ती कुठल्या अन्यायापायी गेली हे कळून काय उपयोग? मावशी समाजशास्त्राचा पेपर लिहायला निघालेल्या नाहीत. आणि बंड्याच्या स्टँडच्या मुद्द्याचं म्हणाल तर स्टँडवर काही झालं तर मावशी ओरडतील आणि दहा माणसं धावतील. तिथं ओरडायचं कुठल्या भाषेत?

शरयू_विजापूर रोड
इंग्रजीत. बेटांवरून आलेल्यांच्या कित्येक घरांत अजून इंग्रजी बोलतात. 🙂

जहाजावरचा पांडुरंग
मी हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर होतो, कॅरिबियनचा रूटच होता. दोन गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत.

पहिली. मावशी, तुमचं जहाज कालव्यात शिरतं का? काही जहाजं गाटूनच्या तीन पायऱ्या चढून तलावात जातात, सहलीवाल्यांना तिथं उतरवतात, उलट फिरून परत खाली येतात आणि मग कोलोनला लागतात. तसं असेल तर कालवा तुमच्या गॅलरीसमोरून जाणार. भिंती इतक्या जवळून सरकतात की काँक्रीटवरचं शेवाळ दिसतं. सव्वीस मीटर वर चढता, खुर्चीत बसून. मग सातरस्ता म्हणतात तेच बरोबर, उतरायची काडीची गरज नाही. पण जहाज नुसतं धक्क्याला लागणार असेल, तर बोटीत बसून दिवसभर कंटेनर मोजावे लागतील. सगळं उत्तर ह्या एका प्रश्नावर आहे.

दुसरी, वेळ. जहाजाच्या कंपनीची सहल घेतली आणि बस अडकली तर जहाज साधारण थांबतं. स्वतःची टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणाऱ्यांना आम्ही पियर रनर म्हणायचो, वरून लोक टाळ्या वाजवतात. तुमच्यासाठी ती मजा नाही. मागे राहिलात तर केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे ठेवून जहाज निघून जातं, पुढचं विमान तुमच्या खर्चानं. त्या एजंटचा फोन नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि घड्याळ जहाजाचं बघायचं, मोबाईलचं नाही. अरुबाचं घड्याळ पनामाच्या एक तास पुढे आहे, मोबाईल आपोआप बदलतो आणि माणसं फसतात.

नवीपेठेतला बंड्या
हे पटलं बे. टॅक्सीचं मागं घेतो.

टॉवेलवाला
टॅक्सी करायचीच झाली तर तिथं मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवायचं. डॉलरच चालतात, सुट्या नोटा ठेवायच्या. पण पांडुरंग म्हणतोय ते वेळेचं गणित मोठं आहे.

निवृत्त डॉक्टर, होटगी रोड
माझा मुद्दा वेगळा. पनामा आणि कोलंबिया दोन्ही देश भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसला तर विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, एकदा घेतली की जन्मभर चालतो. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, तेव्हा तुमच्या फिजिशियनशी बोलल्याशिवाय टोचून घेऊ नका. क्रूझ संपल्यावर लगेच भारतात येणार आहात का?

जुळे सोलापूरची मावशी
नाही डॉक्टर, गड्ड्याची जत्रा ह्या वर्षी चुकणार आमची. संक्रांत मुलाकडेच.

निवृत्त डॉक्टर, होटगी रोड
मग परतीचा प्रश्न मिटला. पनामात ह्या तापाची भीती मुख्यतः कालव्याच्या पूर्वेकडच्या भागात आहे. तरी अंगभर कपडे आणि डासांचं मलम हवंच, डेंग्यू सगळीकडे आहे. फ्रेंचांनी १८८१ ला कालवा खणायला घेतला तेव्हा सुमारे वीस हजार माणसं गेली, जास्त करून मलेरिया आणि ह्याच पिवळ्या तापानं. पुढे अमेरिकेच्या कर्नल गॉर्गस यांनी साठलेलं पाणी आणि डास यांच्या मागे लागून ताप आटोक्यात आणला, तेव्हा कुठे १९१४ ला जहाज पार झालं. सर शिकवत असतीलच, पण परीक्षेला बहुधा फ्रेंचांच्या कामाचा प्रमुख लेसेप्सच येतो, गॉर्गस येत नाही.

जुळे सोलापूरची मावशी
मुलाला फोन करून विचारलं. जहाज कालव्यात शिरत नाही, नुसतं धक्क्याला लागतं. म्हणजे पांडुरंगच्या हिशेबानं उतरायला हवं. ह्यांनी हे वाचून मला मोठ्यांदा वाचून दाखवलं, दोनदा.

पण पोर्टोबेलोचं काय? ते कालव्याच्या वाटेवर नाही ना?

टॉवेलवाला
नाही, ते किनाऱ्यानं दुसऱ्या अंगाला आहे. तासभर धरा. पेरू देशातली चांदी खेचरांवरून जमीन ओलांडून तिथं यायची आणि मग गलबतांत चढायची. मॉर्गन ह्या चाच्यानं १६६८ ला लुटलं ते हेच. गाव लहान आहे, तोफा अजून समुद्राकडं तोंड करून पडल्यात, आणि चर्चमध्ये काळा ख्रिस्त आहे, २१ ऑक्टोबरला त्याची मोठी यात्रा भरते. चांगला ड्रायव्हर मिळाला तर माझ्या मते जाऊन यायला हरकत नाही.

जहाजावरचा पांडुरंग
इथं मी विरोधात. जहाजाच्या यादीत पोर्टोबेलो असेल तर जा, नसेल तर नको. "चांगला ड्रायव्हर" तुमच्या बायरनं दिलेला होता, मावशींना बायर नाही. नोव्हेंबरात कोलोनला धो धो पाऊस असतो, वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो. किल्ल्याच्या दगडांवर शेवाळ, आणि सरांचे गुडघे. कालवा आणि किल्ले दोन्ही एका दिवसात कोंबायचा मोह तर मुळीच नको.

सातरस्ता
अखेर कुणीतरी माझ्या वळणावर आलं.

शरयू_विजापूर रोड
ते किल्ले १९८० पासून जागतिक वारशात आहेत आणि पडझडीमुळे २०१२ ला धोक्याच्या यादीत गेले. सरांनी आयुष्यभर शिकवलेली गोष्ट आहे. गुडघे काय, सोलापुरातसुद्धा दुखतात.

टॉवेलवाला
पांडुरंगचा पावसाचा मुद्दा मान्य. ड्रायव्हरचा नाही. पण मावशी, एकच निवडायचं तर आग्वा क्लारा. २०१६ ला सुरू झालेली नवी दारं वरून दिसतात, मागं गाटूनचा तलाव. जुन्या दारांतून एक जहाज पार करायला वीसेक कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. नव्या दारांशेजारी टाक्या केल्यात, तिथं बरंचसं पाणी परत वापरतात. कोलोन आणि पनामा सिटी पाणी पितात तेही त्याच तलावाचं, आणि २०२३ ला पाऊस नीट झाला नाही तर रोजची जहाजं कमी करावी लागली. चार-पाच दिवसांआड नळाची वाट बघणाऱ्या सोलापूरकरानं ती पाण्याची उधळण एकदा बघावी, उजनीचा हिशेब मनात ठेवून.

जुळे सोलापूरची मावशी
ठरलं एकदाचं. जहाजाच्या कंपनीची आग्वा क्लाराची अर्ध्या दिवसाची सहल, मुलानं आजच नोंदवली. दागिने केबिनच्या तिजोरीत, मंगळसूत्रसुद्धा, त्यावर माझी आणि धाकट्या जावेची वेगळी चर्चा झाली ती इथं लिहीत नाही. गोळ्या आणि राजगिऱ्याची वडी पिशवीत. शहरात पाय ठेवायचा नाही. पोर्टोबेलो जहाजाच्या यादीत आहे, पण त्याच वेळेला, म्हणजे दोन्हींतलं एकच.

ह्यांना म्हटलं, किल्ले पुढच्या वेळी. तर म्हणतात, "इंग्रज दर्यावर्दी ड्रेक १५९६ ला पोर्टोबेलोच्या समोरच हगवणीनं मेला, त्यालाही पुढची वेळ मिळाली नाही."

निवृत्त डॉक्टर, होटगी रोड
सरांना सांगा, बाहेरचं पाणी पिऊ नका. ओआरएसची दोन पाकिटं बरोबर ठेवा.

सातरस्ता
माझं मत तेच आहे, बोटीत बसा. पण जातच असाल तर सकाळची बस घ्या, दुपारची नको.