अविघटनीय मॉड्यूल: अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. एम.एस्सी.ला रिंग आणि मॉड्यूल यांचा पेपर झाला असून आता सांत मितीच्या अल्जिब्रांचे रिप्रेझेंटेशन शिकण्याची इच्छा आहे. प्रत्येक सांत मितीचे मॉड्यूल अविघटनीय (म्हणजे दोन शून्येतर मॉड्यूलांच्या सरळ बेरजेत न मोडणाऱ्या) मॉड्यूलांच्या बेरजेत मूलतः एकाच रीतीने मांडता येते, हे क्रुल–श्मिट प्रमेय समजले. पण ही अविघटनीय मॉड्यूले प्रत्यक्ष शोधायची कशी, आणि ती सिंपल मॉड्यूलांहून (ज्यांना शून्य व स्वतः यांशिवाय उपमॉड्यूल नसते) वेगळी कशी, हे काही हाती लागत नाही. कृपया वाट सुचवावी.

प्रतिसाद १

माझा आग्रहाचा सल्ला असा की, प्रमेयांच्या आधी क्विव्हर (बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती) घेऊन वही-पेन्सिलीने उदाहरणे सोडवावीत. दोन बिंदू आणि एक बाण घ्या. याचे रिप्रेझेंटेशन म्हणजे दोन सदिश अवकाश आणि त्यांमधील एक रेषीय फलन; अशी रिप्रेझेंटेशने म्हणजे या क्विव्हरच्या अल्जिब्रावरची मॉड्यूलेच. दोन्हीकडे एकमितीय अवकाश व मध्ये तादात्म्य फलन असेल, तर दुसऱ्या बिंदूवरचा अवकाश उपमॉड्यूल होतो, म्हणून हे सिंपल नाही. पण पहिल्या बिंदूवरचा प्रत्येक शून्येतर सदिश बाणाने दुसरीकडे जातोच, त्यामुळे त्या उपमॉड्यूलला पूरक उपमॉड्यूल मिळत नाही, म्हणून हे अविघटनीय आहे. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर एवढ्यातच आहे. येथे अविघटनीय मॉड्यूले तीनच असतात, आणि कोणतेही रिप्रेझेंटेशन त्यांत मोडणे म्हणजे मॅट्रिक्सची रँक काढणे होय.

यानंतर मध्यबिंदूकडे येणारे तीन बाण घ्या. येथे १२ अविघटनीय मॉड्यूले मिळतात. त्यांपैकी सर्वांत सुंदर, माझ्या मते, प्रतलातील तीन वेगळ्या रेषांचे. आरंभबिंदूतून जाणाऱ्या अशा कोणत्याही तीन रेषा पाया बदलून एकाच ठरावीक स्थितीत आणता येतात. चौथी रेषा आली की क्रॉस-रेशो (चार रेषांच्या परस्पर स्थितीवरून ठरणारी संख्या) मध्ये येतो, तो पाया बदलून बदलत नाही, आणि क्षेत्र अनंत असल्यास अविघटनीय मॉड्यूलांची संख्याही अनंत होते. सांत आणि अनंत यांमधील ही सीमा गॅब्रिएल यांनी १९७२ मध्ये डिंकिन आकृत्यांच्या (बिंदू-रेषांच्या काही ठरावीक आकृत्यांच्या) भाषेत नेमकी आखली.

प्रतिसाद २

वरील क्रमाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र फिटिंगचे लेमा आधी पक्के करावे, असे सुचवतो. सांत मितीचे मॉड्यूल अविघटनीय असते तेव्हाच त्याची एंडोमॉर्फिझम रिंग (स्वतःकडे जाणाऱ्या होमोमॉर्फिझमची रिंग) लोकल असते, म्हणजे व्यस्त नसलेल्या दोन घटकांची बेरीजही व्यस्त नसलेलीच असते; ही कसोटी हाताशी नसेल तर उदाहरणांत निव्वळ अंदाज बांधले जातात. पुस्तकच हवे असेल, तर शिफ्लर यांचे क्विव्हर रिप्रेझेंटेशनवरील २०१४ चे पुस्तक स्वयंअध्ययनाला सोयीचे आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एका रांगेतील तीन बिंदूंसाठी मला सहा अविघटनीय मॉड्यूले मिळाली. बाणांच्या दिशा बदलल्या तर ही संख्या बदलेल का?

प्रतिसाद १

नाही, सहाच राहतील, आणि त्यांचे मिती-सदिशही (प्रत्येक बिंदूवरच्या अवकाशाच्या मितींची यादी) तेच राहतील, कारण ते धन मुळांशी (डिंकिन आकृतीवरून ठरणाऱ्या पूर्णांकी सदिशांशी) जुळतात. बदलतात ती प्रोजेक्टिव्ह मॉड्यूले (फ्री मॉड्यूलांचे सरळ घटक) आणि त्यामुळे ऑसलँडर–राइटन क्विव्हरचा (अविघटनीय मॉड्यूले हे बिंदू आणि त्यांमधील मूलभूत फलने हे बाण मानून काढलेल्या आकृतीचा) आकार. सर्व बाण एकाच दिशेने असताना (०,०,१) पासून सुरुवात करून तो क्विव्हर विणून पाहा: पहिल्याच जाळीत (डावे टोक, उजवे टोक आणि मधली मॉड्यूले यांच्या चौकटीत) (०,०,१) आणि (०,१,०) यांची बेरीज मधल्या (०,१,१) इतकी भरते. पुढच्या दोन जाळ्या स्वतः भरा आणि येथे लिहा. मी तपासून देईन.