हार्ड टेन्शन तारांवर जीची तार मुकी झाली, मदत हवी आहे

माझी क्लासिकल गिटार ६५० मिमी स्केलची (म्हणजे तारेच्या थरथरणाऱ्या भागाची लांबी) आहे. वरची फळी सीडरची, आतून पंख्यासारख्या पट्ट्या. आवाज मोठा मिळेल या आशेने नॉर्मल टेन्शन काढून हार्ड टेन्शन, म्हणजे त्याच सुराला जास्त ताण घेणाऱ्या, नायलॉन तारा चढवल्या आणि सूर स्थिरावायला आठवडाभर दिला. जाड तारांना जोर आला खरा, पण तिसरी, जीची तार पार बसली. आधीही ती जरा मंदच होती. साध्या, धातूची तार न गुंडाळलेल्या नायलॉन तारांमध्ये तीच सगळ्यात जाड आणि ताठ, त्यामुळे तेवढं चालायचंच. पण आता छेडली की नुसता ‘ठप्’ आवाज, सूर रेंगाळतच नाही.

मग सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या, म्हणजे ताण साधारण ११ टक्के कमी. जी लगेच खुलली! म्हणून शंका येते की माझी फळीच इतका ताण सहन करून मोकळी थरथरू शकत नसावी.

नॉर्मलवर परत जाऊ, की फक्त जी कार्बनची (म्हणजे फ्लुओरोकार्बन या प्लास्टिकची) लावू? कार्बन जड, त्यामुळे त्याच ताणाला तार बारीक लागते, हे माहीत आहे; पण बाकीच्या नायलॉन तारांत ती वेगळी, टोचरी वाजेल का? सीडरच्या गिटारवर कोणी असं मिश्रण वापरलंय का?