रिलॅक्सर सोडायचा तर केस एकदाच कापून मोकळं व्हावं. पटतंय का?

कोल्हापुरी_अटलांटा:
माझं सासर आफ्रिकन-अमेरिकन, आम्ही राहतो जॉर्जियात. घरात सध्या एकाच विषयावर खडाजंगी चालू आहे, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घट्ट वळणाचे आफ्रिकी केस कायमचे सरळ करायची जी तीव्र क्षाराची क्रीम असते, ती रिलॅक्सर. लावलेला केस पुन्हा कुरळा होत नाही, पण मुळाशी नवा उगवतो तो मूळच्याच वळणाचा. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी टच-अप. इथे मुलींना सहा-सात वर्षांच्या असल्यापासून लावायची पद्धत होती, अजूनही पूर्ण गेलेली नाही. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनं आता टच-अप बंद केलाय आणि पुढे काय यावर दोन तट पडलेत.

सासूबाई आणि नणंद म्हणतात, कात्री लावायची नाही. नवे केस वाढू देत, जुनी सरळ टोकं हळूहळू कमी करू. याला इथे ट्रान्झिशनिंग म्हणतात. मी म्हणते, एक घाव दोन तुकडे. सरळ भाग सगळा काढा, बोटभर राहिले तरी चालेल.

का, ते धुवायच्या दिवशी कळतं. कंडिशनर भरपूर लावून, केस ओले असताना, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. वरचा भाग स्प्रिंगसारखा, खालचा मऊ आणि मेलेला. दोन्ही जिथे मिळतात तिथे जरा ताण बसला की तट्. टबमध्ये पडलेले केस मी उचलून उजेडात बघते. नैसर्गिकपणे गळलेल्या केसाला एका टोकाशी पांढरा बारीक ठिपका असतो. यातल्या बहुतेकांना तो नाही. म्हणजे हे गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. मग जे असंही तुटणारच आहे ते वर्षानुवर्षं कुरवाळत बसायचं कशाला?

हिशोबही करा. हा केस रोज सरासरी पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला नऊ सेंटिमीटर. तेही ओढून मोजले तर. सुकल्यावर आक्रसून त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतात. खांद्यापर्यंतचे सगळे केस नवे यायला तीन वर्षं तरी लागतील. तोवर दर आठवड्याला हीच मारामारी.

निशिगंध_डेट्रॉईट:
पूर्ण असहमत. ताई, कात्री तुमच्या हातात आहे पण डोकं सोळा वर्षांच्या मुलीचं आहे. सोमवारी शाळेत तिला जायचंय.

तुटतंय ते दोन प्रकारच्या केसांमुळे कमी आणि हाताळण्यामुळे जास्त. माझ्या शेजारणीनं दोन वर्षांवर काढली, एकदाही बोडकं न होता. ओल्या केसांचे पेड घालायचे, सुकले की सोडायचे. टोकांना बारीक रोलर. मग सरळ आणि कुरळं एकसारखंच नागमोडी दिसतं, बघणाऱ्याला शिवण कळत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी इंचभर टोकं काढायची. रोज फणी नाही, इस्त्री नाही, रात्री सॅटिनची टोपी. सुती उशी केसातला ओलावा पिते आणि घासतेही. तुम्ही 'दर आठवड्याला मारामारी' म्हणता, तिथेच गडबड आहे. मधल्या दिवसांत त्या केसांना हातच लावायचा नसतो.

क्षारपड:
रसायनशास्त्राच्या बाजूनं थोडं, कारण दोघींचंही अर्धं बरोबर आहे.

केसातल्या केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, त्यातल्या बऱ्याच जोड्या तोडतो आणि एक-एक गंधक कमी असलेल्या नव्या जोड्या तयार होतात. त्या उलट फिरवता येत नाहीत. तेव्हा रिलॅक्स झालेला केस परत कुरळा करून देतो म्हणणारं कुठलंही क्रीम विकत घेऊ नका. 'नो-लाय' (म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेले) लिहिलेले डबेसुद्धा सौम्य वगैरे नसतात. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट आयत्या वेळी मिसळतात, सामू तिथेही साधारण १२ च्या वर. टाळूला आग जरा कमी होते, पण कॅल्शियम केसांवर बसतं आणि केस रखरखीत होतात. ते काढायला कीलेटिंग शाम्पू लागतो.

थोडक्यात, खालचा भाग कायमचा अशक्त झालाय, हे कोल्हापुरींचं खरं. ओढलं नाही तर तो बराच काळ टिकतो, हे निशिगंधांचं खरं. माझं मत कात्रीच्या बाजूनं, पण कारण आळस आहे.

वाकडी_वाट:
मुळात सोडायचाच कशाला? या धाग्यावर रिलॅक्सर वाईट हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. मी शार्लटमध्ये एका कृष्णवर्णीय बॉसच्या हाताखाली काम करते. ती रिलॅक्सर लावते आणि म्हणते, सकाळची पाऊण तास झोप मिळते, माझ्या डोक्यावर कुणी राजकारण करू नये.

आणि केसांमुळे नोकरी जाते हे खोटं नाही. अलाबामातल्या एका कंपनीनं एका बाईला ड्रेडलॉक्स, म्हणजे केसांच्या जटा, कापायला सांगितले, ती नाही म्हणाली, नोकरीची ऑफर मागे घेतली. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: केशरचना बदलता येते, ती जन्मजात नाही. त्या न्यायालयाच्या कक्षेत तुमचं जॉर्जियाही येतं, कोल्हापुरी. असल्या जगात सासूबाई सावध असतील तर त्यांना मागासलेल्या ठरवू नका. त्यांनी जे सोसलंय ते आपण कोल्हापुरात बसून सोसलेलं नाही.

कोल्हापुरी_अटलांटा:
@वाकडी_वाट, सासूबाईंना मी मागासलेल्या कुठेही म्हटलेलं नाही. त्यांचा मुद्दा कापण्यापुरता आहे, रिलॅक्सर सोडण्याला त्यांचीही हरकत नाही. उलट २०२२ ची बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अभ्यासात ३३ हजारांवर बायकांना सुमारे ११ वर्षं बघितलं. केस सरळ करायची रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाज ४.०५ टक्के निघाला, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४. सोडायला एवढं कारण मला पुरतं.

वाकडी_वाट:
त्या अभ्यासात कुठला ब्रँड, त्यात काय होतं, हे विचारलेलंच नव्हतं. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य आहे. आणि शंभरात चार म्हणजे शहाण्णव जणींना नाही. आकडा सांगा, घाबरवू नका. ठरवायचं तिचं तिला ठरवू दे.

क्षारपड:
संबंध म्हणजे कारण नव्हे, मान्य. पण औषधाच्या गोळीबद्दल असा आकडा आला असता तर तुम्ही ती घेत राहिला असता का? प्रामाणिकपणे सांगा.

नळस्टॉप_नाका:
एवढा खल कशाला, रात्री खोबरेल चोपडा, सकाळी धुवा. आमच्या आजीचे केस गुडघ्यापर्यंत होते.

निशिगंध_डेट्रॉईट:
आजींना नमस्कार, पण त्यांचे केस सरळ होते ना? टाळूचं तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जातं. दर काही मिलिमीटरला वळणाऱ्या केसावर ते मुळाशीच अडकतं, टोकं कायम कोरडी. आणि कोरडं म्हणजे पाणी नाही. आधी पाणी, मग त्यावर तेल, मग शिया बटरसारखं जाडसर काहीतरी, हा क्रम. कोरड्या केसावर नुसतं तेल थापलं तर केस चकचकीत दिसतात आणि आतून कोरडेच राहतात.

खोबरेलाची थट्टा मात्र करत नाही. ते केसात मुरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात, हे मुंबईच्या मॅरिकोमधल्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलंय. (हो, पॅराशूटवाली कंपनी. हितसंबंध आहेतच, पण प्रयोग नीट केलेला आहे.) धुण्याआधी लावा.

डर्बनची_सून:
इकडून, दक्षिण आफ्रिकेतून, एक वेगळी बाजू. २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत आफ्रो केसांवरून मुलींनी आंदोलन केलं, देशभर गाजलं. २०२० मध्ये एका दुकानाच्या साखळीच्या संकेतस्थळावर शाम्पूच्या जाहिरातीत काळ्या बाईच्या केसांना 'कोरडे, निस्तेज' आणि गोऱ्या बाईच्या केसांना 'नॉर्मल' म्हटलं, तर लोकांनी दुकानं बंद पाडली. जिथे वर्णभेदाच्या काळात केसात पेन्सिल खोचून माणसाचा वंश ठरवायचे, तिथे कात्री की ट्रान्झिशन हा नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

पण त्यामुळेच मला 'नैसर्गिकच हवं' या नव्या सक्तीचाही कंटाळा येतो. माझ्या जावेनं रिलॅक्सर सोडला आणि वर्षभर घट्ट बारीक वेण्या घातल्या, वर जोडकेसांचं वजन. कपाळाच्या कडेचे केस मागे सरकलेत. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, सतत ओढल्यानं टक्कल पडतंय, उशीर झाला तर परत येत नाही. रसायन नव्हतं, तरी नुकसान झालंच.

कोल्हापुरी_अटलांटा:
कायद्याबद्दल: केसांच्या प्रकारावरून किंवा रचनेवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केला, नंतर बऱ्याच राज्यांनी. देशपातळीवरचं विधेयक मार्च २०२२ मध्ये एका सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. टेक्ससमध्ये कायदा असूनही २०२४ मध्ये न्यायाधीशांनी केसांवरून शाळेशी वाद झालेल्या एका मुलाच्या विरोधात निकाल दिला, का तर कायदा केसांच्या प्रकाराला संरक्षण देतो, लांबीला नाही. तेव्हा कागदावर फार विसंबू नये, हे वाकडी_वाट यांचं म्हणणं मान्य.

कात्रीबद्दल माझं मत तेच आहे. आखूड केस धुवायला दहा मिनिटं लागतात, आणि मुलीला आपला खरा केस कसा आहे हे निदान एकदा कळतं. सहाव्या वर्षापासून तिनं तो पाहिलेलाच नाही.

निशिगंध_डेट्रॉईट:
हा मुद्दा चांगला आहे, आधी का नाही मांडला? पण मग तिला आरशासमोर बसवून सगळ्यात मागची, आतली एक बट कापून बघू दे. कोणाला दिसत नाही, आणि तिचं वळण तिला कळतं. आवडलं तर उरलेलं तीच कापेल, तुम्ही नाही.

कोल्हापुरी_अटलांटा:
बट कापायला ती तयार आहे. सासूबाई कात्री लपवून बसल्यात.

डर्बनची_सून:
बट कापा नाहीतर कापू नका, पण मधल्या काळात वेण्या घालून आलीच तर पहिल्या रात्री डोकं दुखतंय का ते विचारा. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या असतील तर दुसऱ्या दिवशीच सोडवून घ्या. 'दोन दिवसांत सैल होतील' असं पार्लरवाली सांगेल, ऐकू नका.

वाकडी_वाट:
हे मात्र शंभर टक्के. बाकी माझ्या बॉसची पाऊण तास झोप मी सोडणार नाही.