केळी खाऊन पोटॅशियम चॅनल उघडत नाहीत
मधुमेहात पोटॅशियमचं काम बिघडतं म्हणून केळी आणि शहाळं वाढवा, असा सल्ला दिला जातो, तो मला धोक्याचा वाटतो. रक्तातलं पोटॅशियम वेगळं, पेशीच्या आवरणातले पोटॅशियम चॅनल, म्हणजे पोटॅशियम ये-जा करण्याची सूक्ष्म दारं, वेगळे. हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींत हे चॅनल उघडले की पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत येणं कमी होतं आणि वाहिनी सैल होऊन रुंदावते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की चॅनल नीट उघडत नाहीत. हृदयाला जादा रक्त हवं असतं नेमकी तेव्हाच वाहिनी आखडलेली राहते. उलट मधुमेहाने मूत्रपिंडं थकली असतील तर रक्तात पोटॅशियम साठून ठोकेच बिघडू शकतात.

आमच्या वडिलांना १४ वर्षं साखर आहे. साताऱ्यात ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाकडचा चढ चढताना त्यांची छाती आवळायची. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या स्वच्छ, म्हणून आम्ही निर्धास्त. ते मात्र अर्ध्यावरच बसायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी बारीक वाहिन्यांचा दोष ओळखून निकोरँडिल हे औषध सुरू केलं. ते रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेट औषधांसारखं काम करतंच, शिवाय या पोटॅशियम चॅनलांपैकीच एका प्रकारचे चॅनल उघडतं. अँजिओग्राफीत इतक्या बारीक वाहिन्या दिसतच नाहीत, हे आधी कळलं असतं तर वर्षभर त्यांच्या दुखण्याला आम्ही ‘वय झालं’ म्हटलं नसतं.