शॉवरच्या टाइल्समागे ग्रीनबोर्ड चालतो का?

न्यूजर्सीकर
५ बाय ३ फुटांचा शॉवर स्टडपर्यंत (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांपर्यंत) उघडा केलाय. कॉन्ट्रॅक्टर ग्रीनबोर्ड (ओलावा थोडा सोसणारा हिरवा ड्रायवॉल) लावू म्हणतोय. टाइल्स बसल्यावर पाणी आत जाणारच नाही, असं त्याचं म्हणणं. इन्स्पेक्शन व्हायचंय. बांधकामाच्या कोडप्रमाणे काय आणि किती लागेल?

थिनसेट
ग्रीनबोर्ड लावू देऊ नका. आयआरसीच्या (अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना कोडच्या) २००६ च्या आवृत्तीपासून शॉवरमध्ये टाइल्समागे तो चालत नाही. आत जिप्सम, वर कागद. ग्राउटमधून (टाइल्सच्या फटींतल्या भरावातून) पाणी झिरपतंच. कागदाला बुरशी धरते, जिप्सम भुसभुशीत होतं आणि टाइल्स सुटतात. जांभळ्या ड्रायवॉललाही वर कागदच, तोही नको.

त्यातलं कलम आर ७०२.४.२ पाहा आणि बोर्डावर छापलेला एएसटीएम (साहित्याच्या मानकाचा) नंबर तपासा. सिमेंट बोर्डांपैकी ड्यूरॉक सी १३२५ मध्ये बसतो, हार्डीबॅकर सी १२८८ मध्ये; कागदाऐवजी काचतंतूंचा थर असलेला जिप्सम बोर्ड डेन्सशील्ड सी ११७८ मध्ये.

तीन भिंतींची लांबी ११ फूट, उंची ७ धरली तर ७७ चौरस फूट. ३ बाय ५ चा बोर्ड १५ चौरस फुटांचा. कापाकापी धरून ६ आणा. पाणी न शोषणारा पृष्ठभाग जमिनीपासून निदान ६ फुटांपर्यंत कोडला हवाच.

ओलावा_तपासनीस
वरच्या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. सिमेंट बोर्ड पाण्याने कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही. एक तर स्टडवर, बोर्डामागे ४ मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे १ मिल) जाडीचं पॉलिथिन लावा आणि त्याची खालची कड शॉवर पॅनच्या (तळातल्या पाणी गोळा करणाऱ्या तबकाच्या) उभ्या काठावरून पुढे आणा, म्हणजे झिरपलेलं पाणी पॅनमध्येच उतरतं. कड काठामागे गेली तर सगळं पाणी थेट लाकडात. नाही तर बोर्डाच्या पुढून ए ११८.१० या मानकात बसणारं मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) द्या. उदाहरणार्थ रेडगार्ड या ब्रशने लावायच्या मेम्ब्रेनचे दोन हात, पहिला गुलाबीचा पूर्ण लाल झाल्यावरच दुसरा. मी हेच सुचवेन, कारण बोर्डही कोरडा राहतो.

दोन्ही मात्र एकत्र नकोत. मध्ये अडकलेल्या ओलाव्याला सुकायला वाटच उरत नाही.

न्यूजर्सीकर
आणि डेन्सशील्ड घेतला तर?

थिनसेट
त्याच्या पुढच्या बाजूला पाणी अडवणारा थर आधीच असतो, म्हणून मागे पॉलिथिन नको. पण कापलेल्या कडा आणि नळाच्या व्हॉल्व्हभोवतीचं भोक सीलंटने बंद करायलाच हवं. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

सिमेंट बोर्डाला गंजरोधक स्क्रू, दर ८ इंचांवर. दोन बोर्डांत १/८ इंच फट ठेवून थिनसेट (टाइल्स चिकटवायचं सिमेंटचं मिश्रण) भरा, वर अल्कली सोसणारी जाळीची टेप. ड्रायवॉलची पुट्टी आणि कागदी टेप इथे अजिबात नको, ओल लागली की फुगते. खालची कड पॅनपासून १/४ इंच वर ठेवा, टेकली तर बोर्ड पाणी ओढून घेतो. भिंतींच्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा.

ओलावा_तपासनीस
फोम बोर्ड लावणार असाल तर त्याचा आयसीसी-ईएस (बांधकाम साहित्य कोडमध्ये बसतं का ते तपासणारी संस्था) अहवाल इन्स्पेक्टरला आधीच दाखवून होकार घ्या. बोर्ड कोणताही असो, टाइल्स चढण्याआधी छापलेल्या नंबराचे आणि सांध्यांचे फोटो काढून ठेवा.