शब्दचर्चा : ‘लिच’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सांगलीत, विश्रामबागेत, आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ मराठीतून खेळतो. गोष्ट मी सांगतो. गॉब्लिन, ड्रॅगन तसेच ठेवले, काही अडलं नाही. आता गाठ लिचशी आहे. मरण चुकवायला स्वतःवरच विधी करून घेतलेला महाजादूगार. हाडं उरली तरी बुद्धी आणि मंत्र शाबूत. एकानं ‘वेताळ’ सुचवलं, दुसऱ्यानं ‘अमर’. दोन्ही पटत नाहीत.

उत्तर : वेताळ नकोच. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, शिवाय कोकणात त्याची देवळं आहेत. ब्रह्मसमंध बघा. विद्वान, आणि मेल्यावरही वासना न सुटलेला.

उत्तर : ब्रह्मसमंधाचा स्वभाव जुळतो, पण त्याला देह नाही. आणि समंध होण्याची कुणाची इच्छा नसते. वासना अडकते म्हणून होतो. लिच ठरवून, वर्षानुवर्षं अभ्यास करून होतो. त्याची खरी भीती यातच आहे, ती शब्द निवडताना सांडू नये.

‘अमर’ तर उलटंच. अश्वत्थामा चिरंजीव, म्हणजे मेलेलाच नाही. लिच मेलेला आहे. ‘अनडेड’चं, म्हणजे मेल्यावरही हिंडणाऱ्याचं, शब्दशः ‘अमृत’ केलंत तर अर्थ पारच फिरतो.

लिच हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ नुसता देह किंवा प्रेत. खेळात तो १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीतून आला. आपल्याकडं त्याच वजनाचा शब्द आहे, मढं. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला तो परका नाही. वापसा आला की ‘मढं झाकून पेरा’ म्हणतातच. म्हणून मी ‘जितं मढं’ म्हणेन.

फिलॅक्टरीचं काम तर फारच सोपं आहे. लिच तिच्यात आपला जीव काढून ठेवतो. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत देह मोडला तरी ती शाबूत असली, की १ ते १० दिवसांत त्याला नवा देह मिळतो. राक्षसाचा जीव पोपटात, तसंच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच रक्षण करणारा ताईत, आणि खेळातही ती बहुधा लहान पेटीसारखी असते. आपला ताईतही कित्येकदा आत मंत्राचा कागद असलेली पेटीच. ‘जिवाचा ताईत’ म्हणा, खेळणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्नकर्ता : ‘जिवाचा ताईत’ नक्की घेतो. पण वेक्नासारख्या, खेळातल्या नामांकित लिचला त्याचे भक्त ‘मढं’ कसं म्हणतील?

उत्तर : नाही म्हणणार. भक्तांच्या तोंडी ‘महाराज’ किंवा ‘स्वामी’च हवं. ‘जितं मढं’ हे गावकऱ्यांचं आणि तुमच्या वीरांचं बोलणं, तेही त्याच्या माघारी. समोर आल्यावर कुणी म्हणालाच, तर त्या पात्राचं धाडस कळेल.

प्रश्नकर्ता : आणि डेमिलिच? त्याची तर कवटीच उरते, रत्नं जडलेली.

उत्तर : ‘जिती कवटी’. ड्रॅकोलिच, म्हणजे लिच झालेला ड्रॅगन, मात्र तसाच ठेवा, ड्रॅगन ठेवलाच आहे.