६ जानेवारीच्या सणाला इतकी नावे का?

सागरवाट :
यंदा ६ जानेवारीला दक्षिण गोव्यात कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर होतो. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा राजाच्या वेषात, मुकुट घालून, घोड्यावर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरच्या कपेलापाशी आला. तिथे जमलेले सगळे लोक 'तीन राजांचे फेस्त' असेच म्हणत होते. आमच्या मुंबईच्या चर्चमध्ये मात्र या सणाला 'प्रकटीकरण' म्हणतात, आणि माझ्या एका ग्रीक सहकाऱ्याच्या मते हा येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस आहे. एकाच दिवसाचे हे तीन अर्थ कसे झाले, आणि त्यांतला मूळचा कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वसईकर :
आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे सर्वांत जुन्या पुराव्याशी जुळते. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट लिहितो की, बॅसिलिडीस या पंथगुरूचे अनुयायी येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस पाळतात आणि आदली रात्र वाचनात घालवतात. त्यांच्यातले काही जण इजिप्ती पंचांगातली जी तिथी धरत, ती ६ जानेवारीला येते. हा पंथ मुख्य चर्चच्या बाहेरचा होता, हे लक्षात ठेवावे लागते.

'एपिफनेया' या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकट होणे. देवाने दर्शन दिले किंवा राजा प्रजेसमोर आला, तरी हाच शब्द वापरत. सेल्युकिड राजा चौथा अँटायोकस याने 'एपिफनीस' हे बिरुद ख्रिस्ताच्या दीड शतक आधीच लावले होते. येशू नेमका कधी प्रकट झाला, हे मात्र या शब्दातून ठरत नाही, आणि माझ्या मते सगळ्या नावांचे मूळ तिथेच आहे. पूर्वेकडे यॉर्देन नदीतला बाप्तिस्मा हे प्रकटीकरण मानले गेले, म्हणून तिथे आजही त्या दिवशी पाण्याला आशीर्वाद देतात. आर्मेनियन चर्च तर जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही ६ जानेवारीलाच साजरे करते. पश्चिमेकडे, २५ डिसेंबर हा जन्माचा दिवस रूढ झाल्यावर, पूर्वेकडून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांची (ज्ञानी पुरुषांची) भेट या सणाच्या केंद्रस्थानी आली. सणाचे नाव तिकडेही लवकरच पोहोचले होते, कारण इसवी सन ३६१ मध्ये रोमन सम्राट ज्यूलियन गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन येथे 'एपिफनी'च्या दिवशी चर्चमध्ये गेला होता, अशी नोंद अमियानस या इतिहासकाराने केली आहे.

राईनकाठ :
वरील माहितीत राजांविषयी थोडी भर घालतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत आणि तीनही नाहीत. मराठी बायबल त्यांना 'मागी लोक' म्हणते. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन माणसे कल्पिली गेली, आणि स्तोत्र ७२ मध्ये राजे नजराणे आणतील असे म्हटले असल्यामुळे पुढे त्यांना राजपदही मिळाले. त्यांचे मानले जाणारे अवशेष ११६४ मध्ये मिलानहून जर्मनीतल्या कोलोनला आणले गेले आणि आजही तिथल्या कॅथेड्रलमधल्या सोन्याच्या पेटीत आहेत. जर्मन भाषेत या सणाला 'पवित्र तीन राजे' असेच म्हणतात.

माझ्या घराच्या चौकटीवर या क्षणीही खडूने लिहिलेली अक्षरे आहेत : वर्षाच्या आकड्याचे दोन भाग आणि त्यांच्या मध्ये सी, एम, बी. राजांचे वेष घेतलेली मुले गाणी म्हणत दारोदारी जातात, वर्गणी घेतात आणि ही अक्षरे लिहून देतात. शेजारच्या आजी ती कास्पार, मेल्खिओर आणि बाल्थाझार या तीन राजांच्या नावांची आद्याक्षरे म्हणून वाचतात, तर चर्चच्या मते 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे आहेत.

सागरवाट :
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या चर्चमध्ये हा सण ६ तारखेला न होता रविवारी का झाला?

वसईकर :
जिथे ६ जानेवारी हा सक्तीच्या मिस्साचा (चर्चमधल्या उपासनेचा) दिवस नाही, तिथे रोमन विधीनुसार हा सण २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी घेतात. आणखी एक नाव राहिले, तेही आपल्याच देशातले. केरळातल्या सिरियन परंपरेत या सणाला 'देनहा' म्हणतात. सुरियानी भाषेत त्याचा अर्थ उदय असा होतो. तिथे काही गावांत केळीचा खुंट अंगणात रोवून त्यावर दिवे लावतात, आणि संध्याकाळी घरातली मुले त्याच्याभोवती फिरतात.